राणीचं कपाळ

भुसावळ, रेल्वे चाळ
१२ फेब्रुवारी १९८४

ती. हिरूताईस,
गजाचा शिरसाष्टांग नमस्कार.

पार्सल पोचलं. लोधिवलीहून इथवर येताना खोक्याचा पार चेंदामेंदा झालाय, पण आतलं बाहुलं शाबूत आहे. शाबूत म्हणजे तुमच्या खोपोलीच्या कंपनीतून जसं निघालं तसं. दोन्ही हात डावे! आधी वाटलं, यार्डातून दमून आलोय, माझीच नजर फिरली. मग दारात उजेडाला धरून पाहिलं. अंगठे दोन्ही एकाच बाजूला. त्याचं नाव मी दोनडावा ठेवलं.

आता खिडकीच्या फळीवर आठ झाली. शिंगाड्याचं एक शिंग आखूड, काळतोंड्याला डोळेच काढायचे राहिलेत, उडत्या घोड्याला पंख एकच. भगताच्या दाढीचा पांढरा रंग ओठांवर उतरलाय, नुकतंच दूध पिऊन आल्यागत दिसतो. रविवारी मी सगळ्यांना ओल्या फडक्यानं पुसतो आणि उंचीप्रमाणे परत लावतो. शेजारचा फिटर म्हणतो, "गजाभाऊ, छत्तीस वय झालं, या वयात लोक पोरं खेळवतात." मी म्हणतो, ही रडत नाहीत, बरं आहे.

खरं सांगू का? चौदा वर्षं यार्डात डबे इकडून तिकडे वळवून आता गुडघे बोलायला लागलेत. घरी येतो, स्टो पेटवतो, चहा घेऊन या फळीसमोर बसतो. एकही धड नाही, म्हणूनच त्यांच्यात बसायला बरं वाटतं. आणि दर बाहुल्याबरोबर तुझं पत्र येतं. नुसतं पत्र लिही म्हटलं तर तू लिहायची नाहीस.

खोक्याच्या पाठीवर त्या इंग्रजी पिक्चरमधल्या नऊ जणांची चित्रं आहेत. फक्त राणी राहिली. राणी पाठव, की माझा सेट पुरा झाला.

तुझ्या सासूबाईंना, धोंडूमावशींना नमस्कार. बाकी विशेष नाही.

तुझा
गजा

•

लोधिवली
२७ फेब्रुवारी १९८४

चि. गजास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. मेल्या, एवढ्या पत्रात बहीन कशी हाय हे एका शब्दानं इचारलं नायस. दोनडाव्याची खुशाली मातर आंगठ्यासकट! मी बरी हाय, इचारलं नायस तरी सांगते. डोळ्यांतनं पानी येतं थोडं, रंगाच्या वासानं.

राणी कुटून पाठवू? आमच्याकडं शनवारी मोडका माल टेबलावर वततात, जिला पायजे तिनं न्यावा. शिंगाड्या रोजचे दहा मोडतात. घोड्याचे पंख तं कचऱ्यात मिळतात. पन राणी मोडतच नाय रं. हात आंगाला चिकटलेले, झगा पायापातुर. मोडायला बाहेर काय काढलेलंच नाय तिनं. माझ्या शेजारी मोतीबाई बसते, खालापूरची, तिचा नवरा वारला त्याला सात वर्सं झाली. ती म्हनते, "बाईमानूस हाय, सांभाळूनच ऱ्हानार."

आता खरं काम सांगते. राणीचं तोंड रंगवायचं काम पुढल्या मयन्यापासून आमच्या टेबलाकडं आलंय. आमी बावीस बाया. साहेबानं रंगाचं कार्ड भिंतीला लावलंय, हाय तसं रंगवा म्हनतो, डोकं चालवू नका. आता तूच सांग, कार्डावरचं तोंड ना हसरं ना रडकं. मानूस ठाऊक नसंल तर त्याचं तोंड कसं रंगवायचं? शिंगाड्या रेडा हाय येवढं आमाला कळलं, काळतोंड्या वाईट हाय हे पन कळलं. ही कोन? तू ते पिक्चर तीन येळा बघितलंस म्हनतोस. मंग सांग की. हिचा नवरा कुटं हाय? हाय का नाय? बाया मला रोज इचारतात, तुझ्या भावाचं पत्र आलं का म्हनून. बिनपगारी मास्तर झालायस तू आमचा.

सासू बरी हाय. वसरीवर बसते आनि घाटाकडं जानारे ट्रक बघते. तिच्या लेकाला, नागूला जाऊन या शिमग्याला दहा वर्सं होतील. ट्रकवर क्लीनर म्हनून गेला तो गेलाच. रोज सकाळी मी निगायच्या टायमाला ती करंडा पुढं करते. म्हनते, "ठसठशीत लाव गं. आमचा नागू हाय अजून." मी लावते. वाद घालत बसलं तं खोपोलीची एस.टी. चुकंल.

तिकडं कोन ट्रकवाला भेटला तर नागूचं इचार, असं तिनं लिवायला सांगितलंय. दर येळी सांगते, दर येळी मी लिवते.

तुझी
हिरूताई

•

भुसावळ
९ मार्च १९८४

ती. हिरूताईस शि. सा. नमस्कार.

चुकलो. कशी आहेस? डोळ्यांना गार पाण्याच्या पट्ट्या ठेव, आणि साहेबाला सांगून खिडकीजवळची जागा माग.

पिक्चर इंग्रजी आहे, मला त्यातलं अक्षर कळत नाही. पण तलवार कुठल्याही भाषेत तलवारच असते. थेटरात आम्ही वीसेक जण होतो, त्यातले निम्मे पंख्याखाली झोपायला आलेले. तर गोष्ट अशी. एक काळा किल्ला आहे, तिथं काळतोंड्या राहतो. त्यानं डोंगरातलं सगळं पाणी अडवून ठेवलंय. राजा पाणी सोडवायला निघतो. बरोबर शिंगाड्या, भगत आणि तो उडता घोडा. शिंगाड्या दिसायला भयानक आहे, पण मनानं चांगला, त्याला फार रागीट रंगवू नका.

राणी गावाच्या वेशीवर उभी असते. राजा लढाईवर गेलाय, ती वाट बघते. पिक्चर संपतं तेव्हाही ती वेशीवरच आहे. तो परत आला का नाही ते दाखवत नाहीत. पण येणार, असं वाटतं. तेव्हा तिचं तोंड वाट बघणाऱ्या बाईचं कर. ते तुला जमेल.

ट्रकवाल्यांना विचारलं. कुणी काही सांगत नाही. मावशींना सांग, विचारत राहीन.

तुझा
गजा

•

लोधिवली
२ एप्रिल १९८४

चि. गजास आशीर्वाद.

अरे, तुझं पत्र मी जेवनाच्या सुट्टीत टेबलावर वाचून दाखवलं. बाया डबे खायच्या थांबल्या. राजा गेला म्हनल्यावर दोघी-तिघींनी तोंडाला पदर लावला. मंग मोतीबाईच बोलली. म्हनली, "म्हंजे नवरा जित्ता हाय ना हिचा? मंग कपाळ का पांढरं गं?"

सगळ्या कार्डाकडं बघायला लागल्या. खरंच की! इतके दिवस बघतोय, एकीच्या ध्यानात आलं नाय. मुकुट हाय, गळ्यात माळ हाय, व्हट लाल हायत, आनि कपाळावर टिकलीयेवढं कुकू नाय. आमी म्हटलं, कार्ड छापनाऱ्याकडनं राहिलं आसंल. नायतर काय, नवरा रनात आनि बायको आशी रांडाव उभी? आसली बाई वेशीवर बघून तो राजा धड लढंल तरी का!

मंग मी काडीपेटीतली काडी घेतली, व्हटांचाच लाल रंग टोकाला घेतला आनि पयल्या राणीला लावलं. काय सांगू गजा, तोंडच फिरलं रं तिचं. मघाशी कोन परकी होती, आता आपल्या आळीतली वाटाया लागली. मंग सगळ्यांनी लावलं. मोतीबाई लावत नव्हती, ती नुसते व्हट रंगवून पुढं द्यायची आनि कुकू दुसरी लावायची.

संध्याकाळी साहेब बघाया आला. उचलून धरली, इकडनं तिकडनं बघितली आनि म्हनला, "आता कशी बाई वाटते." तपासनीसानं पास केली, खोक्यात भरनाऱ्या बायांनी भरली. कुनाला काय खटकलं नाय.

पयली राणी मी तुझ्यासाठी बाजूला ठेवलीय. साहेबाला इचारून आनीन आनि पाठवीन. तुझा सेट पुरा व्हईल एकदाचा.

तुझी
हिरूताई

•

भुसावळ
११ एप्रिल १९८४

(हे पत्र टपालपेटीत पडलं नाही.)

ताई,

तू राणीला कुंकू लावलंस हे वाचलं आणि कागद घडी करून ठेवला. जेवण गेलं नाही. आज सगळं लिहून टाकतो.

मी तुला खोटं लिहिलं. त्या पिक्चरमध्ये राजा पहिल्या अर्ध्या तासात मरतो. त्याचं रिकामं घोडं परत येतं आणि पुढं सगळं पिक्चर राणी एकटी आहे. पाणी तीच सोडवते. "राजा मरतो" एवढे दोन शब्द लिहायचे होते, पण तुला लिहायला हात धजावला नाही. कारण ते तुला लिहायचंच होतं गेले सहा महिने, राजाबद्दल नाही.

नागूभावोजी गेले. गेल्या दसऱ्याच्या तिसऱ्या दिवशी, इथं, माझ्या खोलीत. ट्रक अड्ड्यावरच्या हॉटेलवाल्यानं निरोप धाडला होता की तुमच्या गावाकडचा एक जण आजारी आहे. गेलो तर भावोजी. काविळीनं पिवळेधमक. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. मी त्यांना घरी आणलं. तीन दिवस होते. आईचं नाव घेत होते. ताई, तुझं नाव त्यांनी एकदाही काढलं नाही. मी रजा टाकून उशाशी बसून होतो, एकदा तरी काढतील म्हणून. तेवढं एक ऐकलं असतं तर त्याच दिवशी तार केली असती. नुसतं "गेले" कसं कळवू?

अग्नी मी दिला. डोकं मीच भादरलं, दुसरं होतं कोण? आणि भाऊबीजेला तुझ्याकडे आलो तो टोपी घालून. उष्णता झाली म्हणून केस काढले म्हणालो. सांगायलाच आलो होतो गं. पण धोंडूमावशी समोर पाटावर बसलेल्या, आणि तू ताट घेऊन आलीस, कपाळभर कुंकू लावून. मी खाली मान घालून ओवाळून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पळून आलो.

ज्या माणसानं दहा वर्षांत तुझी चौकशी केली नाही त्याच्या नावाचं कुंकू तू रोज लावतेस. ते माझ्या एका पत्रानं पुसलं जावं हे मला नको. मला हे ओझं आता उचलवत नाही, पण तुझ्या डोक्यावर ठेवायलाही

•

(पोस्टकार्ड)

भुसावळ, १२ एप्रिल १९८४

ती. हिरूताईस नमस्कार. पत्र मिळालं. राणी पाठवू नकोस. फळीवर जागा नाही. आठ पुरे झाली. तब्येतीस जप. यार्डात काम फार आहे, पत्राला उशीर होईल. गजा.

•

लोधिवली
१७ जून १९८४

चि. गजास आशीर्वाद.

फळीवर जागा नाय? आठांत नववं मावत नाय व्हय रं? मला येडी समजतोस का? शेवटचं कार्ड येऊन दोन मयने झाले. मी दोन पत्रं टाकली, तुझा आवाज नाय.

रागावलास का? मला वाटतं, बहिनीनं आपलं पत्र बाविसांत वाचलं म्हनून तुला लाज वाटली आसंल. का तिकडं कोन बाई बघितलीस आनि तिनं बाव्हली फेकून दिली? तसं आसंल तर लाजू नको, मला आनंदच हाय. बाव्हल्यांपेक्षा मानूस बरं, भांडतं तरी.

राणी माझ्या डब्याच्या पिशवीत हाय, चिंधीत गुंडाळून. साहेबाला इचारूनच आनली. पाठवू का नको तेवढं कळव. सासू इचारते, गजाचं पत्र का नाय. तिला काय सांगू?

तुझी
हिरूताई

•

लोधिवली
१२ सप्टेंबर १९८४

चि. गजास आशीर्वाद.

तू लिवत नायस तरी लिवते, कारन सांगायला दुसरं कोन नाय.

आमचा माल परत आला. चार हजार राण्या. टेंपो भरभरून आल्या आनि गेटापासनं गोदामापातुर खोकीच खोकी. मुंबईच्या हापिसात बाहेरदेशीचा मानूस आलेला, त्यानं खोकं उघडून बघितलं आनि इचारलं म्हने, "हिला गोळी लागलीय का कपाळाला?" त्याला ते रगत वाटलं! पोरांच्या खेळन्यात रगत चालत नाय म्हने त्यांच्या देशात. आमी हसलो आदी. मंग हसू पळालं.

साहेबाचं तोंड उतरलंय. त्याच्यावर आलं ना सगळं, पयला होकार त्यानंच दिलेला. तो म्हनतो, "अहो बायांनो, मला तरी कुटं खटकलं! माझ्या घरातल्या सगळ्यांच्या कपाळावर तेच हाय." आता वरचे लोक ठरवनार. ऑर्डर गेली तर आमचं टेबल बंद. बावीस बाया घरी. त्यातल्या निम्म्यांच्या घरात त्यांचाच पगार येतो, माझ्याबी.

सगळ्या मला म्हनत नायत, पन बघतात. पयली काडी मी लावली. पत्र मी वाचलं.

आज लय दमलेय, येवढंच.

हिरूताई

•

भुसावळ
१९ सप्टेंबर १९८४

ती. हिरूताईस शि. सा. नमस्कार.

चूक तुझी नाही, माझी आहे. साहेबाला हे पत्र दाखव. पिक्चरमध्ये राजा सुरुवातीलाच मरतो. मी तुला ती वाट बघतेय म्हणून लिहिलं, ते खोटं होतं. बघायला गेलं तर राणी विधवाच आहे. खरं लिहिलं असतं तर तुम्ही काडी उचलली नसती, बावीस जणींवर ही पाळी आली नसती.

का खोटं लिहिलं ते विचारू नकोस. पत्रात सांगण्यासारखं नाही, आणि समोर सांगायची माझ्यात ताकद नाही. तुझ्यावर रागावलो नव्हतो. इथं बाईबिई कोणी नाही.

गेले पाच महिने फळीवरची धूळ झटकली नाही. दोनडावा पडलाय, उचलला नाही.

तुला हवं तर रजा टाकून येतो, साहेबाच्या पाया पडतो.

तुझा
गजा

•

लोधिवली
९ ऑक्टोबर १९८४

चि. गजास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी साहेबाला दाखवलं नाय. कुनालाच नाय. आता काय झालं ते पयल्यापासून सांगते. मदी थांबू नको, शेवटपातुर वाच.

घट बसले त्याच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी, शुक्रवारी, साहेबानं आमाला गोदामात नेलं. म्हनला, वरून निरोप आलाय. सोमवारी संध्याकाळपातुर चारी हजार कपाळं साफ करून द्या, ऑर्डर राहील. नायतर टेबल बंद. थिनरचे डबे आनि चिंध्यांचे बोळे मांडून ठेवलेले. सोपं काम रं. बोळा बुडवायचा, कपाळावर फिरवायचा, झालं.

एक बाई पुढं झाली नाय. सवाष्णीनं सवाष्णीचं कुकू पुसायचं? तेबी नवरात्रात? गोदा म्हनली, "टेबल गेलं तं गेलं, मी भातकापनीला जाईन, पन हे नाय करनार." साहेब चिडला. म्हनला, "प्लास्टिक हाय ते!" गोदा म्हनली, "मंग तुमीच पुसा." त्यानं खरंच बोळा घेतला. तीन पुसल्या. चौथी हातात घेतली आनि थांबला. त्याची बायको पोटुशी हाय. बोळा ठेवून दिला गुपचूप, आनि मोतीबाईकडं बघितलं. मंग सगळ्यांनीच मोतीबाईकडं बघितलं.

मोतीबाईनं हात मागं घेतले. येवढंच बोलली, "माझं पुसलेलं हाय म्हनून जगाचं मीच पुसायचं का?" वरडली नाय. दमून बोलली.

गजा, सात वर्सं ती माझ्या शेजारी बसते. हळदीकुकवाला तिला कोन बोलवत नाय, राणीला कुकू लावायचं तं ती हात आखडून घेते, आनि पुसायचं आलं की सगळ्यांना ती आठवते. माझ्या आंगाची आग झाली. दुसऱ्या कुनावर नाय, माझ्याच वर. कारन मला ठाव होतं की त्या गोदामात ती एकटी नव्हती.

मी उठले. म्हटलं, "मोतीबाई, तू बस. मी पुसते. माझाबी गेलाय. वरीस व्हत आलं."

होय रं. ठाव होतं मला.

तू भाऊबीजेला आलास. पाया पडायला वाकलास आनि टोपी सरकली. बोटभर केस नव्हते डोक्याला. उष्णता झाली म्हनालास. अरे गाढवा, आई गेली तवा तुझं डोकं मीच पुसलं होतं टावेलानं, बाप गेला तवाबी. भादरलेलं डोकं मला कळत नाय व्हय? आईबाप दोगं आधीच गेलेले, मंग तू डोकं कुनासाठी उतरवशील? भुसावळात ट्रक थांबतात. बाकी मला जुळवायला येळ लागला नाय. निरांजन हातात होतं, ताट हललं थोडं, सासू म्हनली, "वारा हाय."

मी तुला इचारलं नाय, कारन सासू समोर होती. आनि तुझं तोंड बघितलं. तुला सांगायचं नव्हतं, तं म्हटलं राहू दे, दोगांनी मिळून गप ऱ्हावं. मला वाटत होतं मी तुला सांभाळतेय. तुला वाटत होतं तू मला. आनि तुझं राजाचं पत्र आलं तवा मी ओळखलं होतं की तू खोटं लिवतोयस. राजा जित्ता आसता तर तू त्याची लढाई दोन पानं लिवली आसतीस. तरी मी ते वाचून दाखवलं आनि काडी उचलली. मला तवा तसंच हवं होतं. कुनाचा तरी येनार होता.

तो तुझ्याजवळ गेला का, कसा गेला, ते आलास की सांग. माझं नाव काढलं का, ते मातर सांगू नको. काढलं नसंल तर मला ठावच हाय, आनि काढलं आसंल तर आता मी त्याचं काय करू?

मंग मी खाली बसले आनि पुसायला लागले. थोड्या येळानं मोतीबाई येऊन शेजारी बसली, नेहमीसारखी. शुक्रवार, शनवार, ऐतवार, सोमवार. दोगींनी चारी हजार पुसल्या. बाकीच्या खोकी उघडायच्या, पुढं ठेवायच्या, भरायच्या. बोटांची सालटं गेलीत, अजून मीठ लागलं की झोंबतं. रंग जातो गजा, पन पुरता नाय जात. उन्हात तिरकी धरली तं जरा तांबूस दिसतंच. साहेबाला दिसलं, तरी त्यानं खोकी भरायला लावली. माल गेला. टेबल राहिलं.

आता गोदामात बोलले म्हंजे गावात येनारच. म्हनून त्याच शुक्रवारी घरी आल्याबरूबर सासूजवळ बसले. म्हटलं, "आत्याबाय, नागू गेला. गेल्या दसऱ्याच्या सुमारास. गजानं त्याला अग्नी दिला, त्याला बेवारशी जाऊ दिला नाय." तिनं ऐकलं. ट्रक जात होते रस्त्यानं, त्यांच्याकडं बघत होती. रडली नाय. मला म्हनली, "भाकऱ्या कर, दिवस बुडाला." मला वाटलं तिला कळलं नाय, का कळवून घ्यायचं नाय. मी भाकऱ्या केल्या. तिनं अर्धी खाल्ली.

सकाळी मी तशीच निगाले, कोरं कपाळ घेऊन. उंबऱ्यात पोचले तं मागनं हाक मारली. करंडा घेऊन उभी. दहा वर्सं रोज म्हनायची, आमचा नागू हाय अजून. तेवढं म्हनली नाय. करंडा पुढं धरला आनि म्हनली, "लाव गं. एस.टी. चुकंल."

मी लावलं. कुनाच्या नावानं लावलं ते मलाबी सांगता येनार नाय. ती धरून उभी होती म्हनून लावलं. गोदामात सगळ्यांनी बघितलं, मोतीबाईनंबी बघितलं. दुपारी मी डब्याच्या पिशवीतनं माझा छोटा करंडा काढला आनि तिच्यासमोर ठेवला. लावलं नाय तिनं. पन झाकन उघडून वास घेतला आनि परत लावून मला दिला.

या पत्राबरूबर राणी पाठवतेय. चार हजार पुसल्या, ही एकच पुसायची राहिली, मी पयल्या दिवशी काडीनं लावलेली ती. कंपनीच्या मतानं हीच सगळ्यात मोटी खोट, तवा तुझ्या फळीवर चालंल. दोनडाव्याला उचल आदी. धूळ पूस.

सेट पुरा झाला म्हनून पत्रं बंद करशील तं याद राख. आनि भाऊबीजेला ये. सासूनं बोलवलंय, तिला नागूचं सगळं तुझ्या तोंडून ऐकायचं हाय. पाट मांडून ठेवते.

येताना टोपी घालू नको. ओवाळायच्या टायमाला डोक्यावर ठेवायला रुमाल मी देईन. आता केस वाढले आसतील ना रं?

तुझी
हिरूताई